काँक्रीटच्या पोटातलं तेल

इमारतीखालच्या पार्किंगमधून गाडी निघाली की तिच्या जागेवर एक काळा, वेडावाकडा गोल उरतो. शेजारी दोन-चार ठिपके, पलीकडे स्कूटरच्या स्टँडने सोडलेला तांबूस ओरखडा, भिंतीलगत लोण्याचा, म्हणजे ओलीबरोबर वर आलेल्या क्षारांचा, पांढरा फुलोरा, जिन्याच्या कोपऱ्यात पानाची पिंक. सोसायटीच्या सभेत कधीतरी पार्किंग धुऊन घेण्याचा विषय निघतो. मग ॲसिडचा कॅन येतो, फेस येतो, खोकला येतो, आणि थोड्याच दिवसांत तोच काळा गोल पुन्हा वर दिसायला लागतो. मेहनत कमी पडलेली नसते. डाग कशाचा आहे आणि किती खोल उतरला आहे, हे पाहण्याआधीच ओतायला सुरुवात झालेली असते.

काँक्रीट वरून घट्ट दिसतं, पण ते छिद्रांनी भरलेलं असतं. माल कालवताना जितकं पाणी घालतात, त्यातलं काहीच सिमेंटशी जोडलं जातं. उरलेलं हळूहळू उडून जातं आणि मागे केसाहून बारीक वाटांचं जाळं राहतं. मालात पाणी जास्त तेवढ्या वाटा जास्त. ट्रिमिक्सच्या फरशीत ओल्या काँक्रीटवर चटई अंथरून जादा पाणी पंपाने ओढून घेतात आणि वरून यंत्राने घोटतात, म्हणून ती तेल कमी पिते. साध्या कोब्यात वर कोरडं सिमेंट भुरभुरून किंवा सिमेंटची रबडी ओतून घोटाई केलेली असते. ही गुळगुळीत साय जेमतेम एक-दोन मिलिमीटरची. ती शाबूत आहे तोवर कोबा बऱ्यापैकी टिकाव धरतो, ती गेली की खालची वाळू उघडी पडते आणि फरशी सांडेल ते पिऊ लागते. पार्किंगमधल्या प्रत्येक सफाईचा विचार या सायीपासून सुरू व्हावा असं मला वाटतं. डाग थोडा राहिला तरी चालेल, साय जाता कामा नये.

आधी डाग ओळखायचा. गाडीखाली रात्रभर पांढऱ्या पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून ठेवला की सकाळी बरंचसं कळतं. इंजिनाखाली काळपट तपकिरी, बोटांना बुळबुळीत लागणारं ते इंजिन ऑइल. तांबडट असेल तर बहुधा ऑटोमॅटिक गिअरचं किंवा पॉवर स्टिअरिंगचं. हिरवं, गुलाबी किंवा नारिंगी, पाण्यात सहज मिसळणारं ते कुलंट. त्यात बहुतेक वेळा इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड आणि कुत्र्या-मांजरांना जीवघेणं असतं, म्हणून कुलंटचं थारोळं दिसलं की तेलाच्या आधी ते भरपूर पाण्याने धुऊन काढावं. चाकाच्या आतल्या बाजूला निसरडा, फिकट पिवळा थेंब असेल तर तो ब्रेक ऑइलचा असू शकतो. तिथे फरशीची काळजी बाजूला ठेवून मेकॅनिकला बोलवावं, गाडी चालवू नये. निव्वळ स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचं. मोटरसायकलच्या मागच्या चाकाजवळ बारीक काळ्या ठिपक्यांची रांग असते, ती चेनला मारलेल्या वंगणाची.

गळती थांबवली नाही तर पुढचं सगळं वाया. चेंबरचं, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याचं, पॅकिंग, ऑइल सील, ड्रेन बोल्टचा वॉशर ही नेहमीची ठिकाणं. त्यातलं वॉशरचं काम अगदी किरकोळ असतं. तेल बदलताना जुनाच चपटा झालेला वॉशर पुन्हा लावला की बोल्टमधून थेंब थेंब सुरू होतं.

ताजं तेल सांडलं असेल तर पाणी अजिबात नको आणि पुसणंही नको. पुसलं की हातभर डागाचा दोन हात होतो. त्यावर लाकडाचा भुसा जाड पसरायचा. सुताराकडे हवा तेवढा मिळतो. संगजिऱ्याची पूड असेल तर आणखी चांगली, ती तेल पटकन धरते. ती नसेल तर चाळलेली राख किंवा कोरडी बारीक माती. बाहेरून आत असा पसरत यायचं, म्हणजे तेल कडेला पळत नाही. पायाने हलकं दाबून अर्धा-एक तास ठेवायचं, गोळा करायचं, पुन्हा ताजा भुसा टाकायचा. फिरून आलेल्या गाडीतून पडणारं तेल गरम असतं, गरम तेल पातळ असतं आणि पातळ तेल आत झरझर उतरतं. पहिल्या तासात टाकलेला भुसा जे वाचवतो ते नंतर दिवसभर घासून परत मिळत नाही.

डाग काही दिवसांचा झाला असेल तर धुण्याचा सोडा घ्यावा. पाच लिटर कडकडीत पाण्यात पाव किलो सोडा आणि भांडी घासायच्या लिक्विडचे तीन-चार चमचे. इथे एक गैरसमज आहे. सोड्याने किंवा कॉस्टिकने तेलाचा साबण होतो, हे खाद्यतेलाला आणि चरबीला लागू आहे. इंजिन ऑइल खनिज तेल, त्याचा साबण होत नाही. त्याला सोडवतं ते लिक्विड. सोडा पाणी मऊ करतो, चिकट मळ सैल करतो आणि सुटलेलं तेल पुन्हा बसू देत नाही. बोअरच्या जड पाण्यात तर नुसत्या साबणाचा साका होऊन फरशीवर बसतो, तिथे सोडा हवाच. म्हणून कॉस्टिकच्या वाटेला जाण्याचं काही कारण नाही. ते कातडी आणि डोळे जाळतं आणि खनिज तेलाचं त्याने फारसं काही बिघडत नाही.

हे पाणी डागावर ओतून पंधरा-वीस मिनिटं भिजत ठेवायचं आणि वाळू द्यायचं नाही. मधेमधे थोडं शिंपडत राहायचं, कारण वाळलं की सुटलेलं तेल तिथेच बसतं. मग नायलॉनच्या किंवा काथ्याच्या ताठ ब्रशने गोल गोल घासायचं. लोखंडी तारेचा ब्रश वापरू नये. त्याचे बारीक तुकडे छिद्रांत अडकतात आणि पहिल्या पावसाळी हवेत तिथे गंजाचे ठिपके उगवतात. घासून झालं की काळं पाणी मोरीकडे ढकलायचं नाही, भुशाने किंवा जुन्या चादरीने टिपून घ्यायचं. नंतर स्वच्छ पाणी. वाळल्यावर डाग फिका झाला असेल तर हेच पुन्हा करायचं. दोनदा करूनही रंग हलत नसेल तर तेल ब्रशच्या पोचेपलीकडे गेलं आहे.

तिथे पोटीस लागतं. गळवावर अळशीचं पोटीस बांधतात ते आतलं बाहेर ओढायला, इथेही तेच. तेल पातळ करणारा द्रव आणि तो शोषून घेणारी पूड यांचा लेप डागावर बसवायचा. द्रव आत उतरतो, तेलाला सैल करतो, आणि लेप वाळू लागला की तेल घेऊन वर पुडीत येतो. वीतभराहून थोडा मोठा, म्हणजे फूटभर लांब आणि फूटभर रुंद डाग असेल तर साधारण दोन किलो पूड लागते. खडूची पावडर म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातलं व्हायटिंग, किंवा संगजिरे. त्यात एक लिटरच्या आसपास द्रव थोडा थोडा घालत, थापीवरून ओघळणार नाही इतपत घट्ट कालवायचं. द्रव म्हणजे रंगाच्या दुकानात मिळणारं मिनरल टर्पेंटाइन. जागा बंदिस्त असेल तर टर्पेंटाइन नको, वरचंच सोडा-लिक्विडचं पाणी जरा तीव्र करून घ्यावं. काम हळू होईल, पण सुरक्षित होईल. पेट्रोल आणि थिनर कुठेच नकोत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते, आणि आपल्या पार्किंगमध्ये विजेचे मीटर, पंपाचा स्टार्टर आणि कुणाची तरी विडी हे सगळं त्याच पातळीवर असतं. उघड्या पार्किंगमध्ये टर्पेंटाइन वापरतानाही गाड्या हलवून, मीटरपासून लांब आणि आग, विडी-सिगारेट काही जवळ नाही हे पाहूनच वापरावं.

लेप एक सेंटिमीटर जाड थापायचा आणि डागाच्या कडेबाहेर चार बोटं न्यायचा. कडेपर्यंतच थांबलं तर तेल बाजूला सरकतं आणि डागाभोवती नवं कडं तयार होतं. वर प्लास्टिकचा कागद अंथरून कडा चिकटपट्टीने बंद करायच्या आणि चोवीस तास तसंच ठेवायचं. या वेळात द्रव आत काम करतो. त्यानंतर प्लास्टिक काढायचं आणि लेप आपोआप वाळू द्यायचा. घाई इथेच होते. ओला लेप खरवडून काढला तर वर येणारं तेल अर्ध्या वाटेत राहतं. लेप पूर्ण कोरडा, भेगाळलेला झाला की लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने काढायचा, जागा सोड्याच्या पाण्याने धुवायची. वर्षानुवर्षं मुरलेल्या डागाला असे दोन-तीन लेप लागतात. कोकणात पावसाळ्यात हा उद्योग करू नये, लेप वाळतच नाही. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात उलट होतं, लेप काही तासांत वाळून उठतो. दिवाळीनंतर होळीपर्यंतचा काळ सगळीकडे चांगला.

हे सगळं केल्यावरही थोडी राखाडी छटा राहू शकते. वापरलेलं तेल काळं असतं ते काजळीमुळे, आणि काजळीचे कण काही टर्पेंटाइनमध्ये विरघळत नाहीत. तेल निघतं, कण छिद्रात राहतात. ही छटा पायाला लागत नाही, घसरवत नाही, पुढे फरशीवर इपॉक्सीसारखा रंगाचा कडक थर चढवायचा असेल तर त्याला सहसा अडवत नाही. तिथे थांबावं. रॉकेलने पुसण्याची गॅरेजमधली सवयही घरच्या फरशीवर नको. रॉकेल तेलाला पातळ करतं खरं, पण वर ओढणारी पूड नसल्यामुळे पातळ झालेलं तेल आणखी खाली जातं. वरून डाग फिका दिसतो, उन्हाळ्यात फरशी तापली की पुन्हा वर येतो.

आता ॲसिडकडे. पार्किंग धुवायला आणलं जाणारं ॲसिड बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक असतं. ते फरशीवर पडलं की फसफसतं आणि पाहणाऱ्याला वाटतं की मळ निघतो आहे. फसफसतं ते सिमेंट. ॲसिड सिमेंटमधला चुना खातं, त्यातून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात. तेलाला ॲसिड काहीही करत नाही. उलट जिथे तेल आहे तिथे ते सिमेंटपर्यंत पोचतच नाही. त्यामुळे डागाभोवतीची चांगली साय खाल्ली जाते आणि डाग मात्र गुळगुळीत, काळाच्या काळा राहतो. पुढच्या वेळी गळणारं तेल त्या खडबडीत झालेल्या भागात आणखी वेगाने शिरतं. झाडताना धूळ उडायला लागते, रोज झाडली तरी रोज उडते, कारण ती बाहेरून आलेली नसते, फरशीच झिजत असते.

याहून वाईट गोष्ट खांबांच्या बुडाशी होते. हायड्रोक्लोरिक ॲसिडमधलं क्लोराइड काँक्रीटमध्ये मुरतं. आतल्या सळईवर काँक्रीटच्या क्षारतेमुळे एक संरक्षक थर तयार झालेला असतो, तो क्लोराइडने फुटतो आणि सळई गंजायला लागते. गंजलेलं लोखंड फुगतं, बाहेरचं प्लास्टर आणि काँक्रीट फोडतं. जमिनीवरच्या साध्या कोब्यात सळई नसते, पण पोडियमवर आणि तळघराच्या वरच्या स्लॅबवर गाड्या उभ्या असतील तर खाली पूर्ण आरसीसी आहे. तिथे ॲसिडला परवानगी देणाऱ्या कमिटीने एकदा स्ट्रक्चरल इंजिनिअरशी बोलून घ्यावं.

आणि हे ॲसिड ओततं कोण? झाडणारी बाई किंवा वॉचमन, उघड्या हातांनी, चपला घालून, तोंडाला पदर किंवा रुमाल लावून. रुमालाने ॲसिडची वाफ अडत नाही. कुणी त्यावर 'जरा जंतू पण मरू देत' म्हणून ब्लीचिंग पावडर टाकली तर क्लोरीन वायू निघतो, आणि बंद पार्किंगमध्ये तो माणूस मारू शकतो. ही दोन रसायनं एका दिवशी एका जागी येता कामा नयेत, संडासाचं लिक्विड आणि ब्लीच ही जोडीही त्यातच आली. सोडा वापरतानाही रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि पायांत गमबूट द्यावेत. रसायन आणायला पैसे आहेत तर हातमोज्यांना असायलाच हवेत, यावर कमिटीत चर्चा होण्याची वेळच येऊ नये.

ॲसिडचं एकच खरं काम उरतं, गंजाच्या डागाचं, आणि तेही वेगळ्या ॲसिडचं. ऑक्झॅलिक ॲसिडचे पांढरे स्फटिक केमिकलच्या दुकानात मिळतात. एक लिटर कोमट पाण्यात शंभर ग्रॅम. गंजाच्या जागेवर लावून दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं, नायलॉनच्या ब्रशने घासायचं, भरपूर पाण्याने धुवायचं. लोखंड विरघळून निघून जातं. मागे कधी पांढरट पापुद्रा राहतो, तो कोरड्या ब्रशने घासून काढावा. डाग खोल असेल तर याचाही लेप करता येतो, पण पूड संगजिऱ्याची हवी. खडूची पावडर ॲसिडशी भिडून दोन्ही निकामी होतात. ऑक्झॅलिक विषारी आहे आणि साखरेसारखं दिसतं, म्हणून उरलेलं डब्यात भरून स्वयंपाकघराच्या आसपास ठेवू नये. डाग फिका असेल तर सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, त्याच प्रमाणात चालतं. मात्र गंज भेगेच्या रेषेत, सरळ ओळीत उमटत असेल तर तो वरून पडलेला नाही, आतल्या सळईचा आहे. तो घासून झाकू नये.

भिंतीलगतचा लोणा कोरडाच झाडायचा आणि सुपलीत भरून बाहेर टाकायचा. पाणी मारलं तर क्षार विरघळून पुन्हा आत जातात आणि आठ दिवसांनी परत फुलतात. पाणी येतंय कुठून, फुटलेला पाइप, बागेचं पाणी की जमिनीची ओल, हे शोधल्याशिवाय लोणा जात नाही. शेवाळावर बाजारातल्या द्रव ब्लीचमध्ये दहापट पाणी घालून दहा मिनिटं ठेवलं की पुरतं, मग ब्रश आणि पाणी. पानाच्या पिंकेवरही ब्लीचच, कारण काताचा रंग ऑक्सिडीकरणानेच फिका पडतो. जुन्या पिंकेला दोन-तीनदा लावावं लागतं. बॅटरीचं पाणी म्हणजे ॲसिडच, ते सांडलं असेल तर खाण्याचा सोडा फसफस थांबेपर्यंत टाकत राहायचं. तिथलं सिमेंट पांढरं, भुसभुशीत झालं असेल तर तो डाग नाही, खड्डा आहे, तो भरावा लागतो.

प्रेशर वॉशर चांगलं यंत्र आहे, पण त्याचा टोकदार एका रेषेतला फवारा काँक्रीटवर कधीच मारू नये. साय कापली जाते आणि रेषा कायमच्या उमटतात. पंख्यासारखा पंचवीस अंशांचा नोझल, फरशीपासून फूटभर अंतर, आणि हात एका जागी न थांबवता. मीटरच्या पेट्या आणि लिफ्टचा खड्डा यांच्या दिशेने फवारा जाऊ द्यायचा नाही.

पाणी कुठे जातंय हा प्रश्न सोसायट्यांमध्ये क्वचितच विचारला जातो, आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. किती तरी इमारतींत पिण्याच्या पाण्याची तळटाकी पार्किंगखालीच असते आणि तिचं झाकण गाड्यांच्या मध्ये. काम सुरू करण्याआधी झाकणाभोवती मातीचा किंवा वाळूच्या पोत्यांचा बांध घालावा आणि झाकण घट्ट बसतं का ते पाहावं. तसंच पावसाचं पाणी जिरवायचा खड्डा किंवा बोअरचा पुनर्भरण पाइप पार्किंगच्या पन्हाळीला जोडलेला असेल तर तेलाचं पाणी थेट भूजलात जातं. पावसाळी गटारात सोडलं तर ते प्रक्रियेविना नाल्यातून नदीत. वापरलेलं तेल घातक कचऱ्याविषयीच्या २०१६च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. तेल प्यायलेला भुसा आणि लेप उघड्यावर वाळवून झाकणाच्या डब्यात भरावेत, डब्यावर काय आहे ते लिहावं आणि घरगुती घातक कचरा म्हणून वेगळे द्यावेत. ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकले तर वेचणाऱ्याच्या हाताला तेच लागणार.

साफ झालेली फरशी खरंच साफ झाली का, ते पाण्याच्या थेंबाने कळतं. पूर्ण वाळल्यावर जुन्या डागावर चमचाभर पाणी टाकावं. ते पसरून फरशी गडद झाली तर तेल गेलं आहे. थेंब गोल राहून डुलत बसला तर आत तेल अजून आहे, आणि त्यावर इपॉक्सी लावलं तर ते चाकाबरोबर उचलून येणार. इपॉक्सीआधी ओलही तपासावी. दीड फुटांचा चौकोनी प्लास्टिक कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून किमान १६ तास ठेवायचा. खाली दव दिसलं किंवा फरशी गडद झाली तर जमिनीतून ओल चढते आहे, तिथे इपॉक्सी टिकणार नाही. नव्या काँक्रीटला तर २८ दिवसांच्या आत इपॉक्सी लावूच नये.

बहुतेक सोसायट्यांना इपॉक्सीची गरजही नसते. फरशीतल्या चुन्याशी जोडून छिद्रं भरणारं सोडियम किंवा लिथियम सिलिकेटचं द्रावण साध्या कोब्याला पुरतं. ते ब्रशने किंवा पंपाने मारायचं, वर थारोळं राहिलं तर पुसून घ्यायचं, नाहीतर पांढरे चट्टे उठतात. त्याने धूळ थांबते आणि तेल आत उतरायला वेळ लागतो, थांबत मात्र नाही. म्हणून गळणाऱ्या गाडीखाली पत्र्याचा उथळ ट्रे ठेवावा, त्यात बोटभर भुसा पसरावा, आणि भुसा काळा झाला की बदलावा.